अहमदाबादचा हेरिटेज वॉक, आईबरोबर: कालुपूरच्या देवळापासून तीन दरवाजापर्यंत

सुरुवातीलाच सांगून टाकते, अहमदाबादला गेलात तर जुन्या शहरातला सकाळचा वॉक कराच. वयस्कर माणसं बरोबर असतील तरी करा, फक्त काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. मी जानेवारीच्या शेवटी आईला घेऊन गेले होते. आई एकाहत्तर वर्षांची, डाव्या गुडघ्याचा त्रास आहे, पण चालायची हौस दांडगी. आपल्याकडे अहमदाबाद म्हटलं की लोक एकतर कामाला जातात नाहीतर सोमनाथ-द्वारकेच्या वाटेवर गाडी बदलायला उतरतात, शहर बघायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. मी पण दोनदा ऑफिसच्या कामाने जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा साबरमतीच्या पश्चिमेकडचं रुंद रस्त्यांचं नवीन शहरच पाहिलं होतं, पूर्वेकडे कोटाच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं. २०१७ मध्ये युनेस्कोने या कोटाच्या आतल्या शहराला वर्ल्ड हेरिटेज सिटी केलं, भारतातलं पहिलं, तेव्हापासून मनात होतं.

आम्ही बोरिवलीहून रात्रीची गुजरात मेल पकडली आणि सकाळी कालुपूरला उतरलो. कालुपूर म्हणजेच अहमदाबादचं मुख्य स्टेशन, आणि वॉक जिथून सुरू होतो ते स्वामीनारायण मंदिर पण कालुपूरलाच, म्हणजे सामान टाकलं, तोंड धुतलं, चहा घेतला की आठ वाजता हजर राहता येतं. सामान टाकायला स्टेशनजवळ एक हॉटेल ॲपवरून बुक केलं होतं, नाव देत नाही, पण फोन करून दोनदा सांगितलं होतं की आईचा गुडघा दुखतो, खालच्या मजल्यावरची रूम द्या, हो हो म्हणाले आणि प्रत्यक्षात दिली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी काउंटरवर बरंच बोलले पण उपयोग झाला नाही. आई जिना चढून गेली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपलीकडे दुसरीकडे राहायला गेलो. तुमच्याबरोबर कोणी वयस्कर असेल तर स्टेशनजवळ फक्त सामानापुरतं बघा, राहायचं पलीकडेच बघा.

आता वॉकबद्दल. इथे महापालिकेने १९९७ मध्ये हेरिटेज वॉक सुरू केला, आपल्या देशात असं काही फारसं नव्हतं तेव्हा, आणि तो रस्ता इतका चांगला आखलाय की आता बाकीचे ग्रुपसुद्धा थोड्याफार फरकाने त्याच गल्ल्यांमधून फिरवतात. देवळापासून सुरू करून मशिदीत संपवायचं, स्वामीनारायण मंदिर ते जामा मशीद, अडीच तास. आम्ही एका छोट्या खाजगी ग्रुपबरोबर गेलो होतो कारण त्यांनी फोनवर सांगितलं होतं की दहा-बारा जणच असतात आणि हळू चालवतो. प्रत्यक्षात मोजले तर सत्तावीस जण होते. गाइड मुलगा माहितगार, गोड बोलणारा, आईला 'बा, संभाळून' म्हणत हात द्यायचा, त्याच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण सत्तावीस माणसांना अरुंद गल्लीत माइकशिवाय काय ऐकू येणार, मागच्या दहा जणांना निम्मं कळलंच नाही, आणि स्कूटर आली की सगळ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. शिवाय मध्येच वीस मिनिटं एका बांधणीच्या दुकानात नेऊन बसवलं, ते पैसे भरताना कुठेच सांगितलेलं नव्हतं. ती वीस मिनिटं पुढे जामा मशिदीतून कापली गेली आणि त्याचा मला मनापासून राग आला. तेव्हा बुक करताना दोन प्रश्न स्पष्ट विचारा, किती माणसं असणार आणि दुकानात नेणार का.

हे सगळं असूनही वॉक कराच म्हणतेय, कारण त्या पोळ.

पोळ म्हणजे आपल्या पुण्या-नाशिकच्या जुन्या आळीसारखं समजा, पण जास्त बंदिस्त. एकच दरवाजा, तो रात्री बंद व्हायचा, आत वळणावळणाची गल्ली आणि दोन्ही बाजूला अंगाला अंग लावून उभी असलेली तीन-तीन मजली घरं, लाकडी खांब, लाकडी तुळया, घराच्या पुढे ओटला. प्रत्येक पोळमध्ये देऊळ किंवा देरासर म्हणजे जैन मंदिर, एक विहीर, आणि मध्ये एका उंच खांबावर कोरीव लाकडी चबुतरो, म्हणजे पाखरांना दाणे टाकायची जागा. शहर वसवताना झाडं गेली, मग पाखरांनी कुठे बसायचं म्हणून चबुतरो, असं गाइडने सांगितलं. खरं कारण तेच असेल-नसेल, पण आजही तिथे सकाळी कोणीतरी दाणे टाकतं आणि पारव्यांची ही गर्दी असते, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

लंबेश्वरनी पोळमध्ये कवी दलपतराम यांचं घर होतं, १८२० ते १८९८ मधले हे गुजरातीतले मोठे कवी. घर गेलं, आता तिथे घराचा दर्शनी भाग परत उभा करून ओट्यावर त्यांचा बसलेला पुतळा ठेवलाय, अगदी माणसाएवढा. आई पहिली विश्रांती म्हणून त्यांच्याच शेजारी टेकली आणि पोळमधल्या दोन बायका भाजी निवडत समोर बसल्या होत्या त्या तिच्याशी बोलायला लागल्या, आई मराठीत, त्या गुजरातीत, आणि दोघींनाही सगळं कळत होतं.

त्यातल्याच एका मासींनी आम्हाला घरात बोलावलं. गाइड पुढे जायची घाई करत होता पण मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो गाठायला, आणि बरं झालं थांबलो ते. घराच्या मधल्या चौकात फरशीत एक गोल झाकण होतं, मासींनी ते सरकवलं आणि म्हणाल्या बघा, टांका. खाली अंधार आणि त्या अंधारात पाणी. चौकाच्या खाली पूर्ण खोलीएवढी टाकी बांधलेली असते, आतून चुन्याची, आणि पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी नळीने त्यात सोडतात. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ देतात, गच्ची स्वच्छ धुतली गेली की मगच नळी टांक्याकडे वळवतात. उजेड जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही आणि पाणी वर्षभर टिकतं. मासींनी छोटी बादली सोडून पाणी काढलं, गाळून तांब्यात दिलं. मी आधी जरा बिचकले, प्रवासात पोट बिघडायची भीती असते, पण आई तोपर्यंत अर्धा तांब्या प्यायली होती. थंड, आणि चवीला एकदम हलकं. आई म्हणाली आमच्या वाड्यात आड होता त्याचं पाणी असंच लागायचं, गोड नाही, नुसतं हलकं. आईचं माहेर वाईजवळचं. मासींना वाई म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण आड म्हणजे कूवो हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांचं घर आता त्या दोघीच बहिणी सांभाळतात, मुलं नदीपलीकडे फ्लॅटमध्ये गेली, शेजारची तीन घरं कुलूपबंद आहेत. लाकूड दुरुस्त करणारे कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, असं त्या सांगत होत्या. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, मात्र पोळमधल्या गच्च्या भाड्याने जातात, पतंगासाठी सगळे परत येतात.

एका कोपऱ्याला कुवावाळो खांचो म्हणतात, तिथे विहिरीभोवती वेगवेगळ्या काळातल्या पद्धतीची घरं उभी आहेत आणि त्यातलं एक मराठा पद्धतीचं म्हणून दाखवतात. इथे गाइड एकच वाक्य बोलला, 'यहाँ मराठा राज भी था', आणि पुढे निघाला. मला वाटतं इथे थांबायला पाहिजे होतं, कारण ग्रुपमध्ये आम्ही दोघी सोडून अजून एक कुटुंब कोल्हापूरचं होतं आणि कोणालाच यातलं काही माहीत नव्हतं. तर थोडक्यात, १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं, मध्ये एकदा ते हातचं गेलं, परत घेतलं, मग शहराचा अर्धा वसूल पेशव्यांचा आणि अर्धा गायकवाडांचा असा कारभार चालला. १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडार्डने जिंकलं, सालबाईच्या तहानंतर परत मिळालं आणि शेवटी १८१७ मध्ये कायमचं इंग्रजांकडे गेलं. रायखडला गायकवाड हवेली अजून आहे. या काळात शहराची भरभराट झाली असं मुळीच नाही, उलट सततच्या लढायांनी आणि वसुलीने लोक गांजले होते, आपण तिथे फिरताना हे पण लक्षात ठेवायला हवं. पण निदान माहीत तरी असावं.

पुढे काळा रामजी मंदिर, मग हरकुंवर शेठाणींची हवेली, रस्त्यावर पुढे झुकलेले लाकडी कोरीव आधार बघत मान दुखते इतकी नक्षी आहे. या शेठाणींबद्दल मात्र गाइड छान बोलला. त्यांचे यजमान शेठ हठीसिंग यांनी दिल्ली दरवाजाबाहेर धर्मनाथांचं मोठं जैन मंदिर बांधायला घेतलं आणि मध्येच वारले, तेव्हा शेठाणींनी स्वतः उभं राहून ते पुरं केलं, १८४८ मध्ये. आम्ही संध्याकाळी ते मंदिर बघायला गेलो, सगळं पांढरं संगमरवर, भोवती बावन्न छोटी देवळं, आत फोटो काढू देत नाहीत आणि तेच बरं, शांत बसता येतं.

मग फर्नांडिस पुलाखालचा वह्या-पुस्तकांचा बाजार, पुढे मुहूर्त पोळ म्हणजे शहरातली पहिली पोळ, जुन्या शेअर बाजाराची इमारत, आणि मग माणेकचोक. माणेकचोक दिवसा सराफ बाजार, आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या. आम्ही सकाळी गेलो तेव्हा एक बाई सराफांच्या पायऱ्यांखालची धूळ कुंच्याने झाडून पाटीत भरत होती, अगदी फटीफटीतून. आई लगेच म्हणाली, झारेकरी. आमच्या गावच्या सोनाराकडे पण यायचे म्हणे, धूळ धुवून सोन्याचे कण काढणारे. ग्रुपमधल्या तरुण मुलांना ते माहीतच नव्हतं, मग आईनेच त्यांना समजावून सांगितलं, आणि तिथून पुढे ती मुलं आईच्या आजूबाजूनेच चालत राहिली.

राणीनो हजीरो म्हणजे सुलतानांच्या राण्यांच्या कबरी, आणि त्याच्या चारही बाजूंनी बायकांच्या कपड्यांचा बाजार, चनिया-चोळ्या, लेस, आरसे लावलेले तोरण. समोर बादशाहनो हजीरो, तिथे अहमदशाह. या अहमदशाहने १४११ मध्ये शहर वसवलं. गोष्ट अशी सांगतात की नदीकाठी त्याने एका सशाला कुत्र्याच्या अंगावर धावून जाताना पाहिलं आणि ठरवलं की जिथला ससा इतका धीट तिथेच राजधानी.

जामा मशीद १४२४ ची. मोठ्या दाराने आत गेल्यावर बाजाराचा सगळा गलका एकदम मागे राहतो. दोनशे साठ खांब, पंधरा घुमट, पिवळसर दगड, आणि समोर उन्हाने भरलेलं पटांगण. खांबांवरची कमळं, साखळ्या, घंटा बघून आई म्हणाली हे तर देवळाचंच काम, आणि खरंच आहे, करणारे कारागीर तेच होते, त्यांना जे येत होतं ते त्यांनी इथेही केलं. पुढच्या दोन मिनारांचे आता खालचे निम्मेच भाग शिल्लक आहेत, वरचे १८१९ च्या भूकंपात पडले. इथे निदान अर्धा तास हवा, आम्हाला दहा मिनिटं मिळाली. गाइडने टाळ्या वाजवून थँक्यू केलं, लोक टीप देऊन पांगले आणि वॉक संपला.

पण आमचा नाही संपला, आणि ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते इथून पुढे आहे.

जामा मशिदीतून बाहेर पडून भद्रच्या किल्ल्याच्या दिशेने पाच-सात मिनिटं चाललं की तीन दरवाजा लागतो. अहमदशाहच्याच काळातला, १४१५ चा, तीन मोठ्या कमानी आणि त्यांच्यामधून आता सगळा बाजार वाहतो. बऱ्याच जणांना तिथल्या दिव्याची गोष्ट माहीत असते, की लक्ष्मी शहर सोडून निघाली होती तिला कोतवालाने शब्दात अडकवून थांबवलं, आणि तो दिवा आजही एक मुसलमान कुटुंब लावतं. ते बघाच. पण त्याच दरवाजाच्या खांबावर एक शिलालेख आहे, देवनागरीत, १० ऑक्टोबर १८१२ चा, मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने कोरवलेला. मतलब असा की मुलीला बापाच्या मिळकतीतला वाटा कसलीही अडचण न आणता द्यावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे, जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जबाब देईल आणि मुसलमान असेल तर अल्लाला किंवा रसूलला.

१८१२ साल. आपल्याकडे महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क कायद्याने मिळाला १९९४ मध्ये आणि सगळ्या देशात २००५ मध्ये.

मी हे आधी वाचून गेले होते पण आईला सांगितलं नव्हतं, म्हटलं समोर नेऊन दाखवू. शोधायलाच वीस मिनिटं गेली. खांबापाशी एका माणसाने पर्सेस टांगल्या होत्या, त्याला विचारलं तर आधी त्याला कळेना काय पाहिजे, मग म्हणाला वो लिखावट? आणि स्वतःहून सगळ्या पर्सेस एका हातात गोळा करून बाजूला धरून उभा राहिला, गिऱ्हाईक असताना. अक्षरं झिजलीत, त्यावर धूळ आणि तेलकट थर आहे, सलग वाचता येत नाही. मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा जरा खोली दिसायला लागली. आईने चष्मा पुसला आणि बोट फिरवत फिरवत एकेक अक्षर लावायला लागली. काही लागली, बरीच नाही लागली. मग मी तिला मतलब सांगितला.

आई काही वेळ काहीच बोलली नाही. बोट तिथेच होतं. मग म्हणाली, 'आमच्या वेळेला हे कोणी सांगितलं नाही गं.'

आजोबा गेले त्यानंतर दोन वर्षांनी आई आणि मावशी दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. भांडण वगैरे काही नव्हतं, मामा प्रेमळच आहे, घरी आला, दोघींना एसटीने घेऊन गेला, ऑफिसात सह्या झाल्या, येताना दोघींना साड्या आणि पेढे. मी तेव्हा शाळेत होते, मला फक्त पेढे आठवतात. आईला आठवते ती विहिरीजवळची पट्टी, तिच्या वडिलांनी तिथे लावलेला जांभूळ. 'बहिणींनी मागायचं नसतं' एवढंच तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आईने कधी तक्रार केली नाही आणि त्या दिवशीही केली नाही, पण एका सुभेदाराने दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी भर चौकात दगडावर लिहून ठेवलंय हे तिला सारखं आठवत राहिलं, चहा पिताना, रिक्षात, रात्री जेवताना, ती परत परत विचारायची, म्हणजे तेव्हा कोणीतरी मुलगी गेली असेल ना रे त्याच्याकडे, उगीच कशाला कोण दगड कोरेल.

हे मला गाइडने सांगायला हवं होतं. एवढं चांगलं वॉक, अडीच तास, आणि यापासून पाच मिनिटांवर येऊन संपतं. निदान शेवटी एक वाक्य, की पुढे गेलात तर तीन दरवाजाच्या खांबाकडे बघा. आणि तिथे एक नीट फलक हवा, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजीत, आणि तो दगड एखाद्या जाणत्या माणसाकडून हळुवारपणे साफ करून घ्यायला हवा. शहराचा इतका अभिमान असलेले लोक आहेत ते, एवढं नक्की करू शकतील.

तिथूनच समोर भद्रचा किल्ला. आत भद्रकालीचं देऊळ आहे, ते मुळात आझमखानच्या सराईतली एक खोली, मराठ्यांच्या काळात तिचं देऊळ झालं. गर्दी खूप, आई बाहेरूनच हात जोडून आली. मग लाल दरवाजाजवळ लकी नावाच्या हॉटेलात मस्का बन आणि चहा घेतला. हॉटेलात टेबलांच्या मध्येमध्ये कबरी आहेत, हिरव्या रंगवलेल्या, कठडा लावलेल्या, रोज फुलं वाहतात आणि शेजारी लोक चहा पितात. आईला आधी जरा कसंतरी झालं पण वेटर इतक्या अदबीने कबरीला वळसा घालून ट्रे नेत होता की तिचं मन बसलं. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं पेंटिंग आहे ते पण बघून या. चहा अर्धा हवा असेल तर 'अडधी' म्हणायचं.

जवळच सिदी सैयद मशीद, १५७३ ची, तिच्या दगडी जाळीतलं झाड तुम्ही फोटोत शंभरदा पाहिलेलं असतं आणि तरी प्रत्यक्षात समोर उभं राहिल्यावर कळतं की तो दगड आहे हे मनाला पटतच नाही, फांद्या एकमेकींत गुंतून वर जातात आणि मधून आकाश दिसतं. बांधणारा सिदी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेल्या लोकांपैकी. आपल्या जंजिऱ्याचे सिद्दी आठवले. संध्याकाळी जा, आतून दिवे लागले की जाळी जास्त उठून दिसते.

दुसऱ्या दिवशी साबरमती आश्रम. त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, १२ मार्च १९३० ला अठ्ठ्याहत्तर जणांना घेऊन गांधीजी इथूनच दांडीला निघाले. मी फक्त एवढं सांगते की तिथे आपली माणसं शोधा. विनोबांची कुटी आहे, त्याच कुटीत नंतर मीराबेन राहिल्या. काकासाहेब कालेलकर आपल्या साताऱ्याचे, त्यांनी इतकं सुंदर गुजराती लिहिलं की गांधीजी त्यांना सवाई गुजराती म्हणत. पंडित नारायण मोरेश्वर खरे, पलुस्करांचे शिष्य, आश्रमातल्या भजनांना चाली लावणारे, ते दांडीयात्रेत पण होते. आई साताऱ्याकडची म्हणून कालेलकरांचं नाव ऐकून खूश झाली, नदीकाठी झाडाखाली अर्धा तास बसून राहिली. दादासाहेब मावळंकरांचं पण हेच गाव, कोकणातल्या घराण्यातले, अहमदाबादला वकिली केली आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. खमासाला मागेन अब्राहम नावाचं १९३४ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, ते आपल्या अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली ज्यूंचं, जे कामधंद्यासाठी इकडे आले आणि घरात मराठी बोलत राहिले.

अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शहराबाहेर अठरा-एकोणीस किलोमीटर, पाच मजले जमिनीखाली, रुडाबाई राणीने १४९९ मध्ये पुरी केली. सुंदर आहे यात शंका नाही, पण पायऱ्या पुष्कळ, आई वरच बसली आणि मी एकटी उतरून आले, खाली वरच्यापेक्षा चांगलंच गार असतं. रिक्षावाल्याने जाता-येता एक भाव ठरवून परत येताना दुसरा मागितला, तेव्हा आधी लिहून घ्या किंवा ॲपवरूनच गाडी करा. कॅलिको म्युझियम राहिलं, त्याचं बुकिंग आधीपासून करावं लागतं आणि मी उशीर केला. जुन्या कापडांची आवड असेल तर तिकीट काढायच्या आधी ते बुकिंग करा आणि त्याप्रमाणे बाकीचे दिवस ठरवा.

खाण्याचं फार लिहीत नाही, सकाळी वॉकच्या आधी फाफडा-जलेबी आणि सोबत कच्च्या पपईचा संभारो, पोट जड न होता भरतं. रात्री माणेकचोकमध्ये घुघरा सँडविच आणि कुल्फी. लोण्याचं प्रमाण बघून आई घाबरली होती, तिने कुल्फीच खाल्ली, दोन.

वॉकला जाणाऱ्यांसाठी उरलेलं सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, मार्चनंतर दहा वाजताच ऊन नकोसं होतं. देवळं, देरासर, मशीद मिळून सहा-सात वेळा चपला काढाव्या लागतात तेव्हा सहज निघणाऱ्या चपला घाला, बुटांच्या नाड्या सोडण्यात ग्रुप पुढे निघून जातो. डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल ठेवा. वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून देवळातूनच जाऊन निघा. गुडघ्याचा त्रास असेल तर काळजी नको, दर शंभर पावलांवर ओटला आहे आणि कोणी उठवत नाही, उलट बसायला सांगतात. आम्ही गेलो त्या ग्रुपला पाचपैकी तीन, गाइड मुलाला पाच, आणि तो रस्ता, त्या पोळ, ते टांक्याचं पाणी यांना मी किती दिले तरी कमीच. तीन दरवाजाला मात्र वॉकनंतर नाही तर आधी जा, सातच्या सुमाराला, तेव्हा फेरीवाले अजून बसलेले नसतात आणि खांब मोकळा मिळतो. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा, म्हणजे अक्षरांच्या कडा दिसतात.